संत पेद्रोची पदकं आणि ओस्मारीनाची होडी

ओस्मारीनाला मी तिच्या लग्नाच्या आधीपासून ओळखते. आमच्या गावच्या धक्क्यावर सोलिमोइंस नदीतून माणसं ने-आण करणाऱ्या होड्या पुष्कळ आहेत, पण होडी चालवणारी बाई ती एकटीच. तिचा नवरा कामासाठी मानाउस शहरात गेला आणि तिकडचाच झाला. मागे राहिली एक लहान मुलगी, जुसारा, आणि अॅल्युमिनियमची एक हलकी होडी. त्या होडीवर तिने मुलगी वाढवली. मासे, कसाव्याच्या पिठाची पोती, शाळेच्या बाई, आजारी माणसं, सगळं तिने वाहिलं. माझ्या नवऱ्याला शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात तिनेच पोहोचवलं. इंजिन इतकं सावकाश ठेवलं की त्यांच्या छातीवरचा माझा हात सगळ्या वाटेत हलला नाही. मी त्याबद्दल बोलायला लागले की ती विषय बदलते.

जुसाराची धर्ममाता मी. म्हणून आम्ही दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणतो आणि एकमेकींच्या घरात न विचारता शिरतो.

जुसारा लग्न होऊन वरच्या तळ्यावर राहायला गेली. तळ्यातून नदीत यायला एक अरुंद ओढा आहे. नदी उतरली की तो आटतो. मागच्या मोठ्या कोरड्या हंगामात जुसाराला कळा लागल्या तेव्हा ओढ्यात नुसता चिखल होता. पुरुषांनी तिला झोळीत घालून चिखलातून खांद्यावर आणलं. बाळ वाचलं नाही. यंदा तिला पुन्हा दिवस गेले होते, आणि ओढा बंद होण्याआधी तिला माझ्या घरी आणून ठेवायचं असं आम्ही ठरवलं होतं. माझ्या घरापासून दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे.

सप्टेंबरात पाणी भराभर उतरू लागलं. मोठ्या होड्या ओढ्यात आत्तापासूनच तळाला टेकत होत्या. जाऊ शकेल अशी एकच, ओस्मारीनाची. आणि तिच्याच तळातून पाणी येत होतं.

"संत पेद्रोच्या सणानंतर एकदा बुजवलं होतं ना?" मी विचारलं.

"बुजवलं होतं. एवाल्दोचं काम. त्याला विचार."

एवाल्दो तिचा थोरला दीर. होड्या आणि इंजिनं दुरुस्त करतो, आणि भाऊ पळून गेल्याची शरम त्याने ओस्मारीनाच्या होडीची फुकट कामं करून फेडत आणली आहे. तो गुडघे धरत आला. तळावरच्या जुन्या ठिगळाखाली त्याने नख घातलं तर ते जखमेवरच्या खपलीसारखं अख्खं निघून आलं.

"माझं काम वाईट नव्हतं," तो म्हणाला.

"नाही रे बाबा, नदीच वाईट आहे," ओस्मारीना म्हणाली.

त्याने होडी दोन लाकडी घोड्यांवर चढवायला लावली आणि आत बादल्यांनी पाणी भरलं. आम्ही खाली वाकून बघत बसलो. जिथे थेंब लोंबेल तिथे मी खडूने खूण करायची. मागच्या बाजूला एकही खूण झाली नाही. सगळ्या पुढे, एकाच जागी, हाताच्या पंजाएवढ्या भागात दाटीने.

"इथेच का?" एवाल्दो पुटपुटला. त्याने पाणी काढलं आणि पुढची फळी उचकटली.

फळीखाली मूठभर पितळी पदकं होती. सगळी संत पेद्रोची, कोळ्या-नावाड्यांच्या रखवाल्याची. त्यांच्याभोवती पांढरी भुकटी साचली होती आणि खालचा पत्रा किडलेल्या दातासारखा खड्ड्याखड्ड्यांचा झाला होता.

नदीवरच्या मिरवणुकीच्या दिवशी पाद्री पदकं मंत्रून देतात आणि प्रत्येक जण आपल्या होडीत पुढच्या फळीखाली एक ठेवतो. लाकडी होड्यांच्या काळापासून चालत आलंय. लाकडाला पितळेचं काही वाटत नाही. अॅल्युमिनियमच्या होड्या आल्या, पण रीत कोणी बदलली नाही.

"पितळ आणि अॅल्युमिनियम ओल्यात एकत्र राहिलं की पितळ त्याला खातं," एवाल्दो म्हणाला. "पण लोक एक पदक ठेवतात, ओस्मारीना. तू दुकान मांडलंस?"

तिने खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला. मग म्हणाली, "एक वर्ष सुखरूप गेलं की एक. उपकार मानायला नकोत?"

देवाचे आभार मानता मानता तिने आपल्याच होडीची चाळण केली होती.

"तुझ्या होडीत किती आहेत?" मी एवाल्दोला विचारलं.

"एकच," तो म्हणाला, आणि फळी बाजूला ठेवत, "संध्याकाळी काढतो."

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर काम सुरू झालं. एवाल्दोने भुकटी खरवडली, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, अॅसिटोनने पुसला. पेरूच्या वडीच्या डब्याच्या झाकणावर एपॉक्सी गोंदाच्या दोन नळ्या सारख्या प्रमाणात पिळून मी कालवत होते.

"लवकर, दोना लाउरिंदा. केक नाही करायचा आपल्याला," एवाल्दो मला म्हणाला.

"मग तुम्हीच कालवा."

घासलेल्या अॅल्युमिनियमला हवा लागली की त्यावर लगेच न दिसणारी साय धरते, असं तो म्हणाला. गोंद मग सायीला चिकटतो, होडीला नाही. म्हणून त्याने एपॉक्सी पातळ पसरली आणि ती ओली असतानाच तिच्यातूनच पुन्हा पेपर फिरवला. वर आणखी एक जाड थर दिला. आतून पत्र्याचा तुकडा बसवला.

ओस्मारीनाला त्याच संध्याकाळी निघायचं होतं. "पाणी थांबत नाही, एवाल्दो."

"एपॉक्सीही घाई करत नाही. उद्या सकाळपर्यंत हात लावलास तर पुन्हा मला बोलवू नकोस."

ती रात्रभर कशी राहिली तिलाच माहीत. सकाळी एवाल्दोने ठिगळाला नख लावून पाहिलं. नख वाकलं, ठिगळ नाही. होडी पाण्यात उतरवली. ओस्मारीना मात्र काठावरच उभी. पदकांची पुरचुंडी तिच्या मुठीत होती.

"संत पेद्रोशिवाय मी कधी गेले नाही, कोमाद्रे."

"बायबलात तोही एकदा पाण्यावर चालता चालता बुडायला लागला होता," मी म्हटलं. "त्याला कळेल."

ती हसली, पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि निघाली.

त्या दिवशी ती परतली नाही. मी पदकं घरच्या वेदीवर ठेवली, मेणबत्ती लावली आणि जुसारासाठी पलंग तयार केला. एवाल्दो तीनदा येऊन काहीतरी दुसरंच विचारून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिनाचा आवाज आला, सावकाश, मला ओळखीचा. ओढ्यात त्या दोघींना दोनदा होडी थांबवावी लागली होती आणि ओढ्याच्या तोंडापर्यंत सोबत आलेल्या जावयाने ती चिखलावरून ओढली होती. जुसारा मध्यावर बसली होती, मांडीवर एक कोंबडी आणि शेजारी पिठाचं पोतं. पोतं कोरडं होतं. एवाल्दो पाण्यात शिरला, जुसाराकडे न बघता आधी होडीत वाकला, तळावर तळहात फिरवला आणि कोरडा हात आम्हाला दाखवला.

आठवड्याभरात ओढा बंद झाला. जुसारा माझ्या घरी पाय वर करून पडून असते, माझं तांबाकी माशाचं कालवण अळणी आहे म्हणून कुरकुरते, पंख्याला आवाज आहे म्हणून कुरकुरते. ओस्मारीना येता-जाता तिला रागावते. मी काही म्हणत नाही. इतकं कुरकुरणं ऐकत बसायला मला फार बरं वाटतं.