पदराची गाठ

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं दारात बसून बियाण्याच्या शेंगा फोडत होतो. मी आणि पोराची माय. किडका दाणा दिसला की ती तो माझ्या पायावर फेकायची. "बघून फोडा. सगळं तुमच्यावाणी रेटून होत नस्तं." बोलता बोलता तिनं पदराला गाठ मारली आणि बाळूला हाक दिली. "ज्वारीचा डबा घे. गिरणीवरनं दळून आण. मग ये, गाठ सोड."

गेलं वर्षभर तिच्या पदराला सदा अशी गाठ असायची. बायकांना वाटायचं तंबाखू बांधलीय. आत काहीच नसायचं. ती गाठ म्हणजे बाळूचं एक काम. काम झालं की तो येऊन स्वतःच्या हातानं गाठ सोडायचा, मग दुसरी. दोन गाठी एका वेळी तिनं कधी मारल्या नाहीत.

बाळू आमचं उशिराचं लेकरू, लग्नाला वीस वर्षं झाल्यावरचं. आता पंधराचा, नववीत. पाण्याला गेला की घागर हापशावर आणि हा कुणाचं ट्रॅक्टर उघडलंय तिथं. शाळेत बूड टेकत नाही म्हणून रोज तक्रार. मी त्याला आळशी म्हणायचो, मारायचोही. शेवटी तीच त्याला परभणीला घेऊन गेली, मला ओढत. डॉक्टरनं इंग्रजी चार अक्षरं सांगितली, एडीएचडी. म्हणाला, पोरगं आळशी नाही, त्याचं ध्यान एका जागी ठरत नाही. गोळी देतो, पण घरच्यांनीही बदलायला पाहिजे. येष्टीत मी म्हणालो, "आता ह्या वयात बापानं बदलायचं का?"

"मंग काय शेजाऱ्यानं?" ती म्हणाली.

मी काही बदललो नाही. गेल्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर बैलाच्या कासऱ्यानं त्याचे हात खांबाला बांधले आणि पुस्तक पुढ्यात ठेवलं. वाटलं, आता तरी वाचंल. ती शेतातून आली. ओरडली नाही. माझी गाठ सुटेना, तेव्हा विळ्यानं कासरा कापला. नवा होता. पोराच्या मनगटाला खोबरेल लावत म्हणाली, "गाठच मारायची तर माझ्या पदराला मारा. लेकराच्या हाताला न्हाई." त्या दिवसापासून ती पदराला गाठ मारू लागली.

ती काही देवी नव्हती. कधी सकाळची गाठ संध्याकाळपर्यंत तशीच राहायची. मग ती पोरावर खेकसायची आणि न्हाणीत जाऊन रडायची. मला ऐकू यायचं, मी बिडी ओढत बसायचो. एकदा विचारलं तिनं, "आपल्यामागं ह्याला कोण?"

"देव हाय," मी म्हणालो.

"देवाला पदर हाय का?"

त्या सकाळी शेंगा निम्म्या झाल्या आणि ती म्हणाली, छातीत कळ आली. मी पाणी घेऊन येईपर्यंत ती भिंतीला टेकली होती, मुठीत दाणे तसेच. दवाखान्याची गाडी येण्याआधीच ती संपली.

बाळू उशिरा आला. वाटेत बोअर पाडत होते, तिथं थांबला होता. डोक्यावर डबा, तोंडावर पीठ. बायका अंघोळीची तयारी करत होत्या. एकीनं पदर चाचपला. "काय बांधलंय गं हे?"

"माझी हाय ती," बाळू म्हणाला. डबा खाली ठेवला, गाठ सोडली आणि मायच्या तोंडाकडं बघत बसला. पुढचं काम ती सांगंल म्हणून.

अग्नी दिला त्यानंच. संध्याकाळी माझा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तुझ्यानं हे निभत न्हाई. तेरावं झालं की ह्याला सोनपेठला नेतो. शाळा बास. शेळ्यांमागं हिंडंल." मी हो म्हणालो. खरं सांगतो, हो म्हणताना मला बरं वाटलं.

सकाळी उठलो तर बाळू दारापासून खांबापर्यंत आणि खांबापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायलाय. भाऊ म्हणाला, "बघ, मायचं दुःख तरी हाय का ह्याला?" मी आत गेलो. कोनाड्यातली गोळी काढली. आजवर ती एकदाही मी दिली नव्हती. शेजारणीनं आणून दिलेल्या भाकरीसंगं त्याला खायला घातली. मग धोतराच्या सोग्याला गाठ मारली.

"बाळू, मायच्या शेंगा निम्म्या ऱ्हायल्यात. फोड. बघून फोड. मग ये."

भावाला म्हणालो, "तेराव्याला जेवून जा. पण एकटाच जा."

पोरगं चारदा उठलं, चारदा बसलं. मी दात आवळून गप राहिलो. शेंगा संपल्या, तसा माझ्यापुढं येऊन बसला. पण माझी गाठ बैल बांधणाऱ्याची. सुटता सुटेना. शेवटी दातात धरून ओढत म्हणाला, "आबा, सैल मारत जा."