सत्यवानकाकांची साक्ष

संगमनेरजवळच्या आमच्या चर्चच्या मंडळीत लिडियाकाकूंचा दरारा आहे. संडे स्कूलच्या मुलांकडून त्या तीस वर्षं एकच धडा घोटून घेतायत: तारण, म्हणजे पापातून सुटका, माणसाच्या खटपटीनं मिळत नाही, देव ज्याला ओढतो तोच येतो. आणि तेवढीच वर्षं त्या स्वतः नवऱ्याला ओढत होत्या.

सत्यवानकाका ख्रिस्ती घरातलेच, पण बाप्तिस्म्याचं नाव काढत नसत. दूध संकलन केंद्रावर दुधाची फॅट मोजायचे आणि रविवारी काकूंना स्कूटरवरून चर्चपाशी सोडून बाहेर कट्ट्यावर बसायचे. काकूंनी शुक्रवारचे उपास धरले, एकामागून एक चर्चचे तीन पाळक जेवायला बोलावले. काका तिघांशीही गाईच्या खुराकावर बोलले.

मग यंदा मार्चात, एका मंगळवारी, काका केंद्रावरून आले आणि चहा पिताना म्हणाले, बाप्तिस्मा घ्यायचा हाय. का, ते काकूंनी विचारलंच नाही. कुणामुळं, हे त्यांना ठाऊक होतं.

बाप्तिस्म्याआधी मंडळीसमोर साक्ष द्यायची असते. प्रभूकडं कसा आलो ते सांगायचं. काकूंनी ती लिहूनच काढली आणि आठवडाभर काकांकडून पाठ करून घेतली. दुसरंच वाक्य होतं, 'माझ्या पत्नीच्या तीस वर्षांच्या प्रार्थनेमुळे'. रविवारी नवी साडी नेसून त्या पहिल्या बाकावर बसल्या. मागं बसलेल्या शेजारच्या क्रिस्टीनाबाईंनाही पुढं बोलावून घेतलं, नीट ऐकू यावं म्हणून.

काका उभे राहिले. कागद खिशातच.

"मला कुनी आनलं न्हाई," ते म्हणाले. "दुधाचे कॅन विसळत हुतो. एकदम वाटलं, आता त्याच्याकडं जायचं. का वाटलं, ते सांगता येत न्हाई. त्यानंच बोलावलं."

आणि बसले. पाळकसाहेबांनी खुशीनं आमेन म्हटलं. क्रिस्टीनाबाईंनी काकूंकडं पाहिलं. काकू छताकडं पाहत होत्या.

 घरी पोचल्यावर भाकरी अशी थापली जात होती की शेजारी ऐकू जावी. शेवटी काकूंनीच विचारलं, "म्हणजे माझी तीस वर्षं फुकट?"

"फुकट कशी? तुला प्रार्थनेला बी त्यानंच बसवलं असंल."

"म्हणजे त्याचंही श्रेय माझं नाही?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "न्हाई," ते म्हणाले आणि ताट पुढं ओढलं.

जेवणाआधीची प्रार्थना काकूच करतात, मोठ्यानं. त्या दिवशीही त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "देवा, सगळं तूच केलंस, मान्य. एवढंच सांग, मग इतका उशीर का लावलास?"

काकांनी डोळे न उघडताच आमेन म्हटलं.