न भेटलेल्या तीन बाया

घरचं पाणी भरणाऱ्या बायांवर मी पीएच.डी. करत होते. धाराशिवात कॉलेजात शिकवायचं आणि सुट्टी मिळाली की एसटीनं गावं गाठायची. बायांना विचारून त्यांचं बोलणं मोबाइलवर टिपून घ्यायचे.

माकणीत एक म्हातारी भेटली. गावाजवळच धरण, म्हणून मी विचारलं, "मावशी, नळाला पाणी किती दिवसांनी येतं?"

"येतंय की."

"तरी किती दिवसांनी?"

"आलं की भरायचं. न्हाय आलं तर बोअरवर जायचं. त्यात काय इचारायचं? जेवलीस का तू?"

भूमकडच्या तीन मुलाखती तेवढ्या राहिल्या होत्या. परीक्षेच्या कामात सुट्टी मिळेना आणि प्रकरण सादर करायची तारीख जवळ आली. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "एवढ्यासाठी कशाला जाता? आधीच्या मुलाखती एआयला द्या, तशाच तीन करून देईल. चालतं."

चालत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी स्टाफरूममध्ये बसून मी टाइप केलं. समोरचा चहा गार व्हायच्या आत तीन बाया तयार झाल्या. त्यांना वय होतं, शेत होतं, लेकरं होती. मी त्यांना क्रमांक दिले आणि प्रकरणात बसवून टाकलं.

सादरीकरणाला समितीवर बाहेरून आलेल्या एका मॅडमनी त्या तिघींतल्या एकीचं वाक्य मोठ्यानं वाचलं. "'हंड्यात पाणी नसतं, माझी सरलेली वर्षं असतात.' काय बोलून गेलीय ही!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांनी माकणीच्या मावशींचं पान उलटलं. "यात काही हाती लागत नाही. वगळलं तरी चालेल."

मी हसून "थँक्यू मॅडम" म्हणाले.

पुढं त्या पानं चाळत होत्या तेव्हा माझी नजर माझ्या प्रतीत त्याच वाक्याच्या खालच्या ओळीवर गेली. भूमच्या त्या कोरड्या माळावरची ती बाई नारळाच्या झाडांखाली नंबर लावून उभी होती. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं, कारण मी ते नीट वाचलंच नव्हतं. सादरीकरण संपल्यावर बेसिनवर जाऊन तोंड धुतलं, तरी ते हसू तोंडावर चिकटून राहिल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सरांना म्हणाले, "त्या तीन मुलाखती काढायच्यात. समितीला तसं लेखी कळवणार आहे."

"कुणी विचारलंय का तुम्हाला?"

"नाही."

"मग? सगळेच करतात, मॅडम. माझंही नाव आहे त्यावर."

ते शांतपणे बिस्कीट खात होते. त्यांची शिसारी आली, आणि कालपर्यंत मीही त्यांच्याच रांगेत बसले होते याची जास्त आली.

पत्र दिलं. प्रकरण परत आलं. सरांनी मार्गदर्शन सोडलं आणि नव्या मार्गदर्शक मिळेपर्यंत अख्खं सत्र गेलं. मी बाजाराच्या दिवशी भूमला गेले. दोघी बोलल्या. तिसरी म्हणाली, "मला नको लिहू बाई." म्हणून प्रबंधात भूमच्या दोनच मुलाखती आहेत. माकणीच्या मावशी जशाच्या तशा आहेत.

टिपलेलं बोलणं लिहून काढायला मी अजूनही एआय वापरते. पण वाक्य न् वाक्य ऐकून तपासते. तो 'म्या'चं 'मी' करतो. एकदा बाई नुसती गप्प बसली होती, तिथं त्यानं अख्खं वाक्य घातलं. कुठं काय वापरलं, ते पद्धतीच्या प्रकरणात लिहिलंय.

परवा कॉलेजातली एक नवी प्राध्यापिका माझ्याजवळ येऊन बसली. सगळा प्रकार तिच्या कानावर गेला होता. हळूच म्हणाली, "मॅडम, त्या मुलाखती इतक्या खऱ्या वाटायला तुम्ही नेमकं काय टाइप केलं होतं?"

मी सांगितलं नाही. तिला वाटलं, मी माझ्यापुरतं ठेवून घेतेय. ती नाराज होऊन उठून गेली.