हळदीकुंकवात लुटलेलं गाणं

माझ्या थोरल्या भावानं, आमच्या अण्णानं, नव्वदच्या दशकात एक इंग्रजी गाणं काढलं होतं. कंट्री म्युझिक, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांसारखं. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेलं आमचं मराठी घराणं. त्यात गाणारा म्हणजे आरतीला सगळ्यांच्या वर ओरडणारा. तिथे हा गिटार घेऊन अमेरिकी लॉरीवाल्यांसारखा नाकात गायला लागला. आमचे वडील, अप्पा, म्हणाले, "सर्दी झाली असेल, काढा द्या त्याला."

गाणं मात्र अस्सल आमच्या इकडचं होतं. अण्णा बोम्मसंद्रातल्या एका कारखान्यात इंजिनीअर होता. एकदा मालाच्या लॉरीबरोबर निघाला आणि लॉरी होसकोट्याच्या अलीकडे बंद पडली. मेकॅनिक येईपर्यंत अख्खी दुपार ड्रायव्हर आपलं रडगाणं सांगत बसला. बायको रुसून माहेरी गेली होती आणि लॉरी नेमकी तिच्या गावाच्या फाट्यावर बंद पडली होती. आता जावं की जाऊ नये? अण्णानं त्याचंच गाणं केलं. खरी लॉरी संध्याकाळी दुरुस्त होऊन निघून गेली. गाण्यातला ड्रायव्हर अजून फाट्यावरच बसलेला आहे.

कंटोन्मेंटमधले दोन मित्र गिटार वाजवायला तयार झाले. अशा गाण्यात फिडल, म्हणजे त्यांच्या पद्धतीचं व्हायोलिन, लागतं; ते वाजवणारा काही मिळेना. शेवटी शेजारचे व्हायोलिनवाले मामा आले. ते मांडी घालून, व्हायोलिन छातीला टेकवून कर्नाटकी पद्धतीनं वाजवायचे आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी गमक घ्यायचे. "सरी सरी, बरं, स्वल्प कमी करतो," म्हणायचे आणि पुढच्या ओळीला आणखी घोळवायचे. गाण्याला जी काही मजा आली ती त्यांच्यामुळेच, असं माझं मत आहे. अण्णाला ते अजून पटलेलं नाही.

कॅसेटच्या एका बाजूला गाणं, दुसऱ्या बाजूला तेच गाणं शब्दांशिवाय. कंटोन्मेंटमधल्या एका कॅसेटच्या दुकानानं ती ठेवून घेतली. त्या दुकानात एक फळा होता. आठवडाभरात सगळ्यात जास्त खपलेल्या दहा इंग्रजी कॅसेटींची नावं दर शनिवारी त्यावर खडूनं लिहायचे. गाण्याचं वेड असलेली कॉलेजची मुलं तो फळा बघायला शहरभरातून यायची. अण्णानं घरात जाहीर करून टाकलं, "पहिल्या तिनात आलो, की नोकरी सोडणार. नुसतं गाणार."

अप्पांनी जेवण अर्ध्यावर टाकलं. आईनं नेहमीप्रमाणे देवाला मध्ये घातलं आणि नोकरी टिकू दे म्हणून रोज दिवा लावायला लागली.

तेवढ्यात संक्रांत आली. हळदीकुंकवाला दरवर्षी चहाच्या गाळण्या नाहीतर प्लास्टिकचे डबे वाण म्हणून देऊन आई कंटाळली होती. यंदा अण्णाची कॅसेट लुटायची असं तिनं ठरवलं. खोकंभर कॅसेटी घरातच पडून होत्या, पण त्यांना ती हात लावेना. "फुकटचं वाण लुटलं तर पुण्य कुणाला? वाण विकत घ्यावं लागतं," म्हणाली. झालं. जरीची साडी नेसून, मला घेऊन ती बसनं त्या दुकानात गेली. मालकानं तिला बघून दुसऱ्या कपाटाकडे बोट दाखवलं, "आंटी, भजन उधर." आईनं अण्णाची कॅसेट दाखवली आणि असतील तेवढ्या द्या म्हणाली. त्या पुरेनात, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा गेली. मधल्या वेळात मालकानं अण्णाकडून आणखी माल मागवला आणि अण्णा घरात शीळ घालत फिरायला लागला.

हळदीकुंकू झोकात झालं. अण्णा कारखान्यात होता. बायकांनी एळ्ळु-बेल्ला, म्हणजे इकडचा सुटा तिळगूळ, तोंडात टाकत चकचकीत कागदात गुंडाळलेलं वाण घेतलं. अण्णाचे ते 'पहिले तीन' त्या दुकानातल्या खपावरून फळ्यावर ठरतात, हे आईला ठाऊकच नव्हतं, आणि माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

शनिवारी अण्णा मला ओढतच दुकानात घेऊन गेला. फळ्यावर एक नंबरला त्याचं गाणं! तो भर दुकानात नाचला. मला मात्र आईनं उचललेल्या कॅसेटी आठवल्या. घरी येऊन मी आईला फळ्याची सगळी भानगड समजावून सांगितली. ऐकता ऐकता तिनं कोथिंबिरीची अख्खी जुडी निवडून संपवली.

जेवताना अण्णा म्हणाला, "सोमवारी मॅनेजरला सांगतो."

आईनं पळी खाली ठेवली. "अरे, त्या कॅसेटी मी घेतल्या. हळदीकुंकवाला."

अण्णाला आधी ते खरंच वाटेना. मग त्याचा चेहरा असा उतरला, की मला आईचा भयंकर राग आला. आता नोकरी टिकली, झालं हिच्या मनासारखं, असंच मला वाटलं. अण्णा एवढंच म्हणाला, "सांगितलं नसतंस तर मला कळलंही नसतं."

"म्हणून तर सांगितलं. सोडायची असली तर तुझ्या गाण्यावर सोड नोकरी. सोड की, मी अडवत नाही. माझ्या वाणावर नको सोडू."

हे ऐकलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी अण्णा दुकानात गेला आणि आईच्या कॅसेटी वजा करून नंबर लावा म्हणाला. मालक म्हणाला, विकल्या त्या विकल्या, कुणी का घेईना. अण्णा ऐकेना. शेवटी वैतागून मालकानं हिशेब केला आणि फळा पुसून नवा लिहिला.

अण्णा घरी आला तो चप्पल न काढता सरळ स्वयंपाकघरात. "नववा! आई, खरा नववा!"

अप्पांनी बाहेरून विचारलं, "नववा म्हणजे पास की नापास?"

"नापास. उद्या कामावर जातोय," अण्णा ओरडून म्हणाला आणि हसत सुटला.

आईनं त्याला पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "मी नाही, हळदीकुंकवाच्या बायका नाहीत. मग बाकीच्या कुणी घेतल्या रे?"

अण्णानं डोळे पुसले. "काय माहीत, आई. आपल्या ओळखीचं कुणीच नाही."