सासूबाईंचा डोळा आणि माझे हातमोजे

माझी बायको नर्स आहे, त्यामुळे आमच्या घरातला अर्धा डॉक्टर मी आहे.

गेल्या वर्षी सुनीताला दवाखान्यात संसर्ग-नियंत्रणाचं काम मिळालं. त्यासाठी परीक्षा होती. रोज संध्याकाळी गारखेड्यातल्या आमच्या गच्चीवर मी वही धरून प्रश्न विचारायचो, ती उत्तरं द्यायची. आयसोलेशन म्हणजे आजारी माणसाला वेगळं ठेवणं. क्वारंटाइन म्हणजे आजाऱ्याच्या संपर्कात आलेल्या, पण अजून धडधाकट दिसणाऱ्या माणसाला वेगळं ठेवणं. फोमाइट म्हणजे जंतू इकडून तिकडं नेणारी निर्जीव वस्तू: टॉवेल, रिमोट, दाराची कडी. ती पास झाली. मीही स्वतःला पास केलं. (माझी परीक्षा कोणी घेतली नाही, हा काही माझा दोष नाही.)

त्यानंतर लगेच माझी मेहुणी सीमा हिचा साखरपुडा ठरला. रविवारी, आमच्याच शहरातल्या छावणी भागात, नवऱ्या मुलाच्या घरी. बुधवारी सासूबाई सीमाला घेऊन अजिंठ्याहून आमच्याकडे आल्या. सासूबाईंचा डावा डोळा लालभडक, नुसता गळत होता. सुनीता ड्युटीवर. मग सूत्रं मी हातात घेतली.

"मामी, तुमचं आयसोलेशन करावं लागंल."

"मंजी? म्या काय केलं?"

"काही नाही. तुमचे डोळे आलेत. वेगळ्या खोलीत राहायचं, टॉवेल वेगळा, उशी वेगळी."

"मंग मी कोनाकडं बघतच नाय."

"बघून होत नाही हो. हातानं पसरतं." हे मी इतक्या रुबाबात सांगितलं, की सीमा मोबाइल खाली ठेवून ऐकायला लागली.

मग सुनीताच्या प्रथमोपचाराच्या डब्यातून मी रबरी हातमोजे काढून घातले. संध्याकाळी तिनं सासूबाईंना डॉक्टरकडं नेऊन थेंब आणले आणि माझे मोजे बघून म्हणाली, "बरं केलंत." मला प्रमाणपत्रच मिळालं.

सासूबाईंच्या डोळ्यात थेंब मी टाकले. मोजे घालून. त्याच मोज्यांनी माठातलं पाणी काढलं, टीव्ही लावला, आमच्या लहान लेकीची वेणी घातली. सीमाची काजळाची डबी उघडत नव्हती, तीही उघडून दिली. रात्री मोजे काढून खिळ्याला अडकवायचो, सकाळी पुन्हा घालायचो. हात धुवायचा प्रश्नच नव्हता, हात तर आत सुरक्षित होते.

शुक्रवारी लेकीचे डोळे आले. शनिवारी सकाळी सीमा आरशासमोर उभी राहिली आणि तिथंच खाली बसली. दोन्ही डोळे सुजून लाल. ती मुकाट रडायला लागली. सुनीता ड्युटीवरनं आली, तिनं घरभर नजर फिरवली आणि ती माझ्या हातांवर येऊन थांबली.

"अहो, हे मोजे कधी बदललेत?"

"बदलायचे असतात?"

ती खुर्चीत बसली. "मोजे तुमचे हात वाचवतात, दुसऱ्यांचे डोळे नाय. एका पेशंटचं काम झालं की काढून टाकायचे अन् हात धुवायचे."

"हे वहीत नव्हतं."

"पहिल्याच पानावर होतं. तुम्ही दुसऱ्यापासनं सुरुवात केली होती."

आता छावणीला फोन करायचा होता. सुनीतानं तो माझ्याच हातात दिला (आधी सॅनिटायझर चोळायला लावून).

"जयभीम, पाहुणे. साखरपुडा आठवडाभर पुढं ढकलावा लागतोय."

मुलाचे वडील गंभीर झाले. "का? मुलीच्या मनात काही दुसरं आहे का?"

"नाही हो, डोळे आलेत. घरात तिघींचे."

"अरेरे. आणले कोणी?"

"आणले मामींनी. वाटले मी."

"तुमचे कसे आहेत?"

"माझे ठणठणीत आहेत."

पलीकडं ते हसायला लागले, इतके, की फोन मुलानं घेतला. तो म्हणाला, "सीमाला सांगा, रडू नको म्हणावं. आठवड्यानं काय फरक पडतो." सीमानं डोळे पुसले. स्वतःच्या रुमालानं, माझ्याकडं संशयानं बघत.

पुढच्या रविवारी सगळ्यांचे डोळे स्वच्छ होते आणि छावणीत साखरपुडा झाला. अंगठ्यांचं ताट आणायला मी उठलो, तशा सासूबाईंनी माझा सदरा धरला.

"जावईबापू, तुमी बसा. लई केलं तुमी."

मी मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत बसलो. आमच्या घरातला माझा हातभार न लागलेला तो पहिला कार्यक्रम, आणि निर्विघ्न पार पडलेलाही पहिलाच.