तोंडानं ओढलेलं पेट्रोल

बोरीतल्या शाळेसमोरच्या टपरीत सिद्धोधन फवाऱ्याची मशिनं दुरुस्त करायचा. पाठीवर घेऊन कापसावर औषध मारतात, ती पेट्रोलवर चालणारी. त्याचं सगळं काम तोंडाचं. टाकीतलं पेट्रोल नळीनं ओढून काढायचं, कार्बोरेटर उघडायचा, आतला बारीक जेट ओठांत धरून फुंकायचा. इतकी वर्षं पेट्रोल हुंगून नाकाला वास येणंच बंद झालं होतं. हवेचा पंप घ्या, असं बायको सत्यशीला सारखी म्हणायची. तो हसून सोडून द्यायचा.

त्या सकाळी व्यंकटराव मशीन घेऊन आले. गावातलं बडं प्रस्थ.

"चालू व्हायलंय अन् बंद पडायलंय. कचरा असंल, बघ."

कचरा नव्हता, आणि व्यंकटरावांना ते पक्कं ठाऊक होतं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळतात. त्यांनी घाईत ऑइलच्या जागी कीटकनाशक ओतलं होतं. दोन्ही बाटल्या एकाच पिशवीत, दोन्हींची लेबलं निघालेली. माणूस चुकतो, त्याचं एवढं काय? पण मागच्या साली हीच चूक त्यांच्या सालगड्यानं, आश्रुबानं केली, तेव्हा भर चौकात त्यांनी त्याच्या कानाखाली वाजवली होती. आता कुठल्या तोंडानं सांगणार?

सिद्धोधननं नळी टाकीत सोडून ओढली. घोटभर सरळ पोटात गेलं.

"लय कडू लागायलंय, मालक. काय टाकलंय ह्याच्यात?"

इथं एक शब्द पुरला असता.

"काय टाकणार? पेट्रोलच भेसळीचं हाय," व्यंकटराव म्हणाले. "आवर लवकर."

सिद्धोधननं कार्बोरेटर धुतला, जेट फुंकला, टाकी खंगाळून नवं पेट्रोल भरलं. दोरी एकदा ओढताच मशीन चालू झालं. एवढ्या वेळात व्यंकटरावांनी त्याला साधी चूळ भर म्हटलं नाही. त्याच्या ओठांकडे मात्र ते टक लावून बघत होते. मला संताप येतो तो त्या बघण्याचा.

ते गेले आणि थोड्या वेळानं सिद्धोधनला दरदरून घाम सुटला, तोंडाला फेस आला. सत्यशीलानं त्याला रिक्षात घालून जिंतूरला दवाखान्यात नेलं.

"पेट्रोलनं असं होत नाही," डॉक्टर त्याचे डोळे तपासत म्हणाले. "फवारणीचं औषध पोटात गेलंय. कोणतं ते विचारा, लवकर."

त्या दिवशी त्यानं एकच मशीन उघडलं होतं. तिनं व्यंकटरावांना फोन लावला.

"मालक, पेट्रोलमधी कोनतं औषध होतं? नुसतं नाव सांगा. आमी कुनाला बोलत न्हाई."

फोनमधून घरघर ऐकू येत होती. मशीन झकास चाललं होतं.

"मशीन चालू हाय, काई ऐकू येईना," व्यंकटराव म्हणाले.

"मग बंद करा की वो जरा."

फोन बंद झाला. तिनं पुन्हा लावला, पुन्हा लावला. दर वेळी तीच घरघर यायची आणि फोन कापला जायचा.

सिद्धोधन गेला तेव्हा व्यंकटरावांचा अर्धा कापूस फवारून झाला होता.