आधीचा फोटो

आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या जागेला आता उद्यान म्हणतात. कमानीवर तसं लिहिलंय. मी तिला मैदानच म्हणते आणि म्हणत राहणार.

देवगाव फाट्याकडच्या खेड्यातून आम्ही इथं घर बांधून आलो तेव्हा त्या जागेत वेड्या बाभळी आणि फुटक्या बाटल्या होत्या. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पदवी अभ्यासावर मिळवली, पण कॉलेजला जाता आलं ते खो-खोमुळं. संघात होते म्हणून फी माफ झाली, नाहीतर वडिलांनी बारावीनंतर स्थळच बघितलं असतं. त्यामुळं खो-खोला कुणी पोरखेळ म्हणालं की त्या माणसाशी मी पुन्हा बोलत नाही.

खाजगी शाळेत नोकरी लागली तशी मी कॉलनीतल्या मुली गोळा केल्या. काळी माती पावसात पाय धरते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर मुरूम टाकला. मुलींनी खडे वेचले. समोरच्या मावशी रोज सकाळी आपलं अंगण झाडता झाडता मैदानही झाडून काढायच्या, कुणी सांगितलं नव्हतं. गावाकडून बाभळीचे दोन खांब आणले, सुताराकडून गुळगुळीत करून घेतले आणि दोन टोकांना रोवले. त्या मैदानावरच्या मुली जिल्ह्याच्या संघात गेल्या. कुणाचा एक रुपया घेतला नव्हता.

मग निधी आला. बागा सुधारायला सरकारनं पैसे दिलेत, असं आमच्या वॉर्डाचे माजी नगरसेवक पेढे वाटत सांगू लागले. आमच्याकडं नगरसेवक माजी झाला तरी भाऊ हा भाऊच राहतो. ते एका संध्याकाळी पालिकेच्या इंजिनिअरला घेऊन आले. मुलींचा सराव चालू होता. इंजिनिअरनं मोबाइल वर धरला, इकडून तिकडून बघितलं आणि खाली घेतला.

"भाऊ, असा फोटो चालत न्हाई."

"का बरं?"

"आधीचा अन् नंतरचा, दोन लागतेत. हे तर आधीच चांगलं दिसायलंय. वरचे विचारतील, सुधारायचं काय?"

"बरोबर विचारतील," मी म्हटलं. "पैसे पलीकडच्या वॉर्डात न्या. तिथली लेकरं नालीच्या काठाला खेळायलेत."

भाऊ हसले. "मॅडम, आलेल्या लक्ष्मीला कुणी दार लावतं का?"

"लक्ष्मी असली तर न्हाई लावत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत गावभरचा कचरा. नेमका दोन खांबांच्या मधोमध ओतला. मावशी हातात झाडू घेऊन धावत आल्या.

"आरं ए, हे काय करायलास? हितं लेकी खेळतेत."

"मला काय बोलता मावशी. वरून सांगितलंय. फोटो झाला की उचलतो."

इंजिनिअर आले, नाकाला रुमाल लावून फोटो काढू लागले. मावशी तिथंच उभ्या होत्या. तर हा माणूस म्हणतो, "मावशी, तुमी जरा बाजूला सरका. झाडू दिसायलाय."

मावशी सरकल्या नाहीत. मग त्यांना वगळून दुसऱ्या बाजूनं फोटो काढला. त्यात आमचं मैदान उकिरडा दिसतं. सरकारदरबारी आता कायमचं तसंच दिसणार. मावशींनी इतकी वर्षं रोज झाडलं, ते कुठंच नाही.

कचरा कुणी उचलला नाही. डुकरं आली. सराव बंद पडला. मी मुलींना घेऊन पालिकेत गेले.

"मंजुरीत लॉन, सिमेंटचे गट्टू, झुले, व्यायामाची मशीन अन् कमान हाय," इंजिनिअर म्हणाले. "खो-खो न्हाई."

"मग नका देऊ. दोन खांबांमधली जागा तेवढी मोकळी सोडा. बाकी ठिकाणी खुशाल गट्टू बसवा."

"मोकळी सोडली की काम अर्धवट दिसतं, मॅडम. तुमी शिकलेल्या हाव, समजून घ्या."

शिकलेल्या माणसाला गप्प बसवायचं असलं की त्याच्या शिक्षणाची आठवण काढतात. मी गप्प बसले नाही, पण काम थांबलं नाही. एके दिवशी शाळेतून आले तर खांब उपटून रस्त्याच्या कडेला टाकलेले. मुलींनी ते माझ्या ओसरीत आणून ठेवले. मैदानावर लाल-पिवळे गट्टू बसले. खो-खोत उकिडवं बसावं लागतं, खांबाजवळ अंग झोकून द्यावं लागतं. आमच्यातल्या सगळ्यात चपळ मुलीनं एकदा हट्टानं धावून बघितलं. दोन्ही गुडघे सोलून घरी गेली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी भाऊंचा निरोप आला. नंतरच्या फोटोत लेकरं पाहिजेत, मुलींना खेळाच्या ड्रेसवर पाठवा, झुल्यावर बसवू. मी निरोप मुलींना जसाच्या तसा सांगितला.

ती चपळ मुलगी म्हणाली, "मॅडम, ह्या वयात झुल्यावर बसून काय करावं? बारशाला बोलावलंय का?"

एकही गेली नाही. भाऊंनी कुठूनतरी बारकी पोरं आणली, चॉकलेटं वाटली, फोटो झाला. फोटो छान आलाय म्हणतात.

आता आम्ही बाजार समितीच्या रिकाम्या यार्डात सराव करतो. कापूस यायला लागला की तिथूनही उठावं लागेल. ती चपळ मुलगी मात्र येत नाही. घरासमोर होतं तोवर ठीक होतं, यार्डाच्या रस्त्यानं पोर पाठवणार नाही, असं तिच्या वडिलांनी सांगून टाकलं. ती बारावीला आहे. घरी पाहुणे येऊन पोहे खाऊन जायला लागलेत. भाऊंच्या त्या छान फोटोची किंमत कुणी मोजली, ते मला माहीत आहे.

परवा ठेकेदाराचा माणूस दारात आला. "मॅडम, ओसरीतला एक खांब द्या की. बागेत पाटी लावायचीय."

"कसली?"

"लॉनवर खेळू नका म्हणून."

"ते खांब मैदानाचे हायत. मैदान आणून दे, दोन्ही घेऊन जा."

"भाऊला सांगू का असंच?"

"असंच सांग. एक शब्द कमी करू नको."

तो गेल्यावर वाळवी लागू नये म्हणून खांबांना जळकं ऑइल चोपडलं. हात धुतले आणि त्या मुलीच्या घरी गेले. तिला मी माझ्या गाडीवर यार्डात नेईन आणि माझ्याच गाडीवर परत आणून सोडीन, हे तिच्या वडिलांना सांगितलं. ते नाही म्हणाले. काल पुन्हा गेले, पुन्हा नाही म्हणाले. आज शाळा सुटली की परत जाणार आहे.